भिवाचं दुसरं मरण

कोपरीच्या ठमाबाईने आपल्या मुलासाठी एकदा रडून घेतलं होतं. सहा वर्षांपूर्वी, साऱ्या वस्तीदेखत. भिवा तेव्हा कल्याणच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून रेल्वेत लागला होता. तिथल्या मिशनवाल्यांच्या संगतीत जाऊन त्याने बाप्तिस्मा घेतला, अशी बातमी आली. खरं-खोटं पाहायला त्याचा बाप काळुराम स्वतः कल्याणला गेला. बातमी खरी निघाली. तिसऱ्या दिवशी जातीची माणसं ओटीवर जमली आणि त्यांनी ठरवलं तसं झालं. गवताचा पुतळा केला, त्याला भिवाचा जुना सदरा घातला, खाडीकडेच्या मसणात नेला आणि काळुरामने त्याला अग्नी दिला. घरी बायकांनी ठमाबाईला मध्ये बसवून गळा काढला. तीही रडली. पण रडताना तिच्या मनात सारखं येत होतं, की पोरगा आत्ता तिकडे जेवायला बसला असेल.

दहावं झालं, बारावं झालं. त्यानंतर त्या घरात भिवाचं नाव कोणी काढलं नाही. काळुराम आगरावर जात राहिला, मीठ ओढत राहिला. ठमाबाई डोक्यावर पाट्या वाहत राहिली. वस्तीतल्या बायका तिच्यापुढे आपल्या मुलांची लग्नं-बारशी जरा हळू आवाजात बोलत, तेवढंच.

सन अठराशे एकोणनव्वदच्या माघात एक दिवस ती अंगणात सुकट वाळत घालत होती. काळुराम आगरावर होता. कुडाच्या बाहेर एक तरुण बाई येऊन उभी राहिली.

"भिवा काळुराम यांचं घर हेच का?"

ठमाबाईने आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. मग त्या बाईकडे. नीटस नेसलेलं लुगडं, हातात दोन-दोन बांगड्या, कपाळ मात्र मोकळं. ठमाबाईची नजर त्या मोकळ्या कपाळावरून हलेना.

"तू कोण गं?"

"मी मालन. त्यांची बायको."

"हाय ना तो?" ठमाबाईने विचारलं.

"आहेत. आमच्यात कुंकू लावत नाहीत," मालन म्हणाली. तिला त्या नजरेचा अर्थ कळला होता. "पण आता फार दिवस नाहीत, आई. छातीचा क्षय आहे. डॉक्टर होळीच्या पुढचं काही बोलत नाहीत. त्यांना तुम्हाला बघायचंय."

"असं बोलू नये पोरी. जित्या माणसाचं असं बोलू नये."

"आमचं दोघांचं बोलून झालंय," मालन म्हणाली आणि खाली वाळूवर पसरलेल्या सुकटीकडे पाहत राहिली.

मालन सत्त्याहत्तर सालच्या दुष्काळातली. आईबाप वाटेत गेले आणि सहा वर्षांच्या पोरीला मिशनच्या आश्रमात कोणीतरी पोचवलं. तिथेच वाढली, शिकली, आता कल्याणात मुलींच्या शाळेत शिकवत होती. ठमाबाईने तिला आत बोलावलं नाही, बोलावणं शक्यच नव्हतं. कुडाशीच तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन मालन स्टेशनाच्या वाटेने निघून गेली.

संध्याकाळी ठमाबाई नवऱ्याला म्हणाली, "तुळसाचा गुडघा धरलाय म्हणं. डोंबिवलीला जाऊन येते चार दिस."

तुळसा तिची धाकटी बहीण. काळुराम तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "जा."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. डोंबिवली आली, माणसं उतरली, ती बसून राहिली.

कल्याणच्या यार्डाच्या पलीकडे मिशनच्या सहा खोल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत भिवा होता. सत्तावीस वर्षांचा, मिठाची भरलेली पाटी एका हाताने उचलणारा पोरगा. खाटेवर जे होतं त्यात त्याला शोधावं लागलं. डोळे तेवढे तेच होते.

"आलीस आये."

"आले रे."

तिने पदराची गाठ सोडली. निघताना देवीच्या देवळातून आणलेला अंगारा होता. तिने चिमूट उचलली, तसा भिवाने तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हताच.

"ते नको आये. नुसता हात ठेव."

तिने दुसरा हात त्याच्या कपाळावर ठेवला. तापलेलं होतं. अंगारा मुठीत तसाच राहिला, आणि तिला कळेना की तो आता टाकावा कुठे. शेवटी तिने तो परत गाठीत बांधला.

पहिले दोन दिवस तिने त्याला बोलू दिलं नाही. म्हणजे तो बोलायचा, पण त्या वाटेला लागला की ती उठायची. पेज करते म्हणायची, पाणी आणते म्हणायची. एकदा तो म्हणाला, "आये, मी आता जाणार, तर ऐक," तेव्हा तिने सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याला खोकला आला, तिच्या तळव्याला रक्त लागलं. तिने ते घाईघाईने लुगड्याला पुसलं, जणू तिने पाहिलं नाही आणि त्यानेही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिवाच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं आली. रेल्वेतले दोन गँगवाले, एक सुईण, शाळेतल्या दोघी-तिघी, आणि परशुरामपंत नावाचे म्हातारे उपदेशक. पंत मूळचे पुण्याकडचे ब्राह्मण, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. त्यांनी गीत म्हटलं, प्रार्थना केली. ठमाबाई दाराशी अंग चोरून बसली होती. प्रार्थना संपली आणि मग त्याच्या उशाशीच त्या लोकांनी त्याच्या दफनाचं बोलणं काढलं. जागा कोणती, खणायचं कोणी, पेटी की नुसती चादर. भिवा स्वतः सांगत होता. पेटी नको म्हणाला. चिंचेच्या बाजूची जागा बरी, पावसात पाणी साठत नाही.

मग पंतांनी खाट धरून खाली बसत विचारलं, "भिवा, भीती वाटते का रे?"

"वाटते," भिवा म्हणाला. "प्रभूवर भरवसा हाय. पण श्वास अडकतो ना, तेव्हा वाटते."

"मलाही वाटेल," पंत म्हणाले. "भीती वाटली म्हणून भरवसा उणा झाला असं समजू नकोस. श्वास अडकला की मालनचा हात धर. ती काही बोलणार नाही, नुसती धरून बसेल."

माणसं निघाली तेव्हा ठमाबाईने पंतांना बाहेर गाठलं.

"मास्तर, एक सांगते. तुमी शिकलेली माणसं. माजा पोरगा तिथं जित्ता पडलाय आन तुमी त्याच्या उशाशी बसून खड्डा मोजता. तुमाला काय वाटत नाय?"

पंत काठी टेकून उभे राहिले.

"वाटतं, बाई. माझी बायको गेली तेव्हा मी तुमच्यासारखंच केलं. तिने विचारलं, मी वाचत नाही ना आता? मी म्हटलं, छे, भलतंच काय. आठ दिवसांत हिंडाफिरायला लागशील. ती ऐकून गप्प बसली. त्यानंतर चार दिवस होती, पण माझ्याशी बोलली नाही. पाणी मागायची, कूस बदलायला सांगायची, बस. काय बोलायचं होतं तिला, मला अजून ठाऊक नाही." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तो तुम्हाला काही सांगायला बघतोय. मी आजवर बरीच माणसं जाताना पाहिली. न सांगता जाणं फार जड जातं."

ठमाबाईला त्यांचा राग आला होता तो कमी झाला नाही. पण आत गेल्यावर ती पेज करायला चुलीकडे वळली नाही. खाटेच्या कडेला बसली.

"बोल," ती म्हणाली. "मी उठत नाय."

भिवाने कुशीवर वळून तोंड तिच्याकडे केलं. मग त्याने जे विचारलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"माज्या आधीची दोघं व्हती ना आये? आवडाआत्या एकदा बोलून गेलेली. मी बारका व्हतो."

तीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिने भिंतीकडे पाहिलं. मालन कोपऱ्यात वही तपासत होती, तिचा हात थांबला.

"व्हती," ठमाबाई म्हणाली. "पहिली पोर. अकरा दिस जगली. बारशाला एक दिस कमी पडला, तिला नावच नाय. मग पोरगा. नामा. तो चालायचा. कुडाला धरून धरून पार गोठ्यापर्यंत जायचा. त्याला ताप भरला आन दोन दिसांत आटोपला."

"कुठं पुरलं?"

"खाडीच्या बांधापलीकडं. तुज्या बाने नेलं दोघांनाबी. मना जागा दाखवली नाय. बाईमाणसाने जायचं नसतं. वर मीठ घातलेलं, एवढं सांगितलं." ती थांबली. तिचा आवाज साधाच होता, जणू शेजारणीच्या घरचं काही सांगतेय. "पोरीच्या हनवटीवर तीळ व्हता. हे मी कोणाला सांगितलं नाय."

मग ती रडली. मोठ्याने नाही, गळा काढून नाही. भिवाने तिचा पदर बोटात धरून ठेवला.

"मना ती भेटतील," तो म्हणाला. "आमी असं मानतो."

"तू ओळखशील कसा रे? तू त्यांना बघितलंस कधी?"

"तू सांगितलंस ना आता. तीळ हाय म्हणून."

त्यानंतरच्या दिवसांत तो बोलू लागला की ती उठायची नाही. तो थकून झोपेपर्यंत बोलायचा, आणि ती ऐकायची. त्याने सांगितलं की यार्डात पहिल्यांदा एकट्याने सांधा बदलला तेव्हा तिला येऊन सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं की त्याचा पुतळा जाळल्याचं त्याला कळलं तेव्हा तो दोन दिवस कामावर गेला नाही, आणि बापाचा राग मात्र त्याला कधी धरवला नाही. मालनला परत आश्रमात पाठवू नका, तिला तिथलं जेवण सोसत नाही, हेही सांगितलं. एकदा दुपारी ठमाबाईने स्वतःहून विचारलं. तिला ते विचारायला सकाळपासून धीर होत नव्हता.

"भिवा, मी तुज्या धरमात नाय. यायची पण नाय आता या वयात. मग मी येईन का रे तिथं? तू जातोस तिथं?"

भिवाने डोळे मिटले. तिला वाटलं झोपला.

"मना ठाऊक नाय आये," तो म्हणाला. "पंतांना विचारलेलं मी. तेबी म्हणाले, ठाऊक नाय, देव जाणे. मी गेल्यावर पहिलं तेच विचारीन. बाकी काय विचारणार नाय."

सोमवारी दुपारी तो गेला. सकाळी दोन घोट पेज घेतली होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा श्वास अडकायला लागला. मालनने हात धरला आणि सांगितलं होतं तशी नुसती बसून राहिली. ठमाबाई पायांशी होती. पाय गार पडत चालले तसे ती चोळत होती, पोटऱ्यांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत, आणि गारवा तिच्या हातांच्या पुढे पुढे जात होता. एकदा त्याने डोळे उघडून "आये" म्हटलं. ती "हाय मी, हाय" म्हणाली. त्यापुढे काही नाही. यार्डात कुठेतरी इंजिनाचं काम चाललं होतं, त्याचे घाव ऐकू येत होते. ते थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की खोलीत आता दोघींचेच श्वास आहेत.

उन्हं कलल्यावर त्याला नेलं. तिकडे बायकाही जातात हे पाहून ती गेली. गँगवाल्यांनी छातीभर खोल खणलं होतं. पंत प्रार्थना म्हणू लागले आणि त्यात म्हणाले, "आमचा बंधू योहान." ठमाबाई दचकली. क्षणभर तिला वाटलं की काहीतरी चूक झाली, हा दुसऱ्या कोणाचा मुलगा आहे, आपण परक्याच्या मातीला आलो आणि भिवा तिकडे खोलीत पेजेची वाट बघतोय. तिने मालनचा दंड धरला.

"योहान कोण?"

"तेच, आई. बाप्तिस्म्याचं नाव आहे."

ते नाव तिला एवढ्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या पोराच्या मरणाला ती निम्मीच आली, असं तिला वाटलं. पण मूठभर माती टाकायची तिची पाळी आली तेव्हा ती वाकून म्हणाली, "भिवा, जा रे बाबा," आणि माती टाकली.

त्या दिवशी मालन रडली नव्हती. मंडळीतल्या बायका तिची तारीफ करत होत्या, किती धीराची, प्रभूवर केवढा विश्वास. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवरचं अंथरूण उचलायला गेली आणि मध्येच जमिनीवर बसली.

"मी त्यांना सगळं बोलू दिलं, आई," ती म्हणाली. "जागा, चादर, माझं पुढे काय, सगळं. त्यांना बरं वाटायचं म्हणून मी हो हो म्हणत गेले. मी एकदाही म्हटलं नाही की जाऊ नका. एकदा म्हणायला हवं होतं."

ठमाबाई तिच्यापाशी बसली. तिला उपदेश येत नव्हता. तिने मालनचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि आपल्या वस्तीत रडतात तशी गळा काढून, भिवाचं एकेक सांगत, रडायला लागली. सहा वर्षांपूर्वी हेच रडणं तिने केलं होतं, पण तेव्हा त्यात काही नव्हतं. मालनला असं रडायला कोणी शिकवलं नव्हतं. थोड्या वेळाने तिच्याही तोंडून तो सूर निघाला. शेजारच्या खोलीतली बाई येऊन दारात उभी राहिली आणि परत गेली.

बुधवारी ठमाबाई कोपरीला परतली. काळुराम ओटीवर बसला होता.

"तुळसाचा गुडघा बरा हाय?"

"मी तुळसाकडं गेले नव्हते. भिवा गेला."

"भिवा सहा वरसांमागं गेला," काळुराम म्हणाला. "त्याचं मी सगळं केलंय."

"ते गवताचं केलंत. हा सोमवारी गेला."

"तोंडातनं काढू नकोस."

पण ठमाबाई थांबली नाही. ती ओटीच्या खालच्या पायरीवर बसली आणि बोलत राहिली. खाट कुठे होती, तो किती वाळला होता, मालन कशी आहे, सांधा बदलल्याचं, पोरीचा तीळ, नामाचं नाव. काळुराम उठला आणि अंगणात जाऊन पाठ करून उभा राहिला. कुडाबाहेर मात्र गेला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "किती खोल पुरला?"

"छातीभर."

"बरं केलं." तो अजून तिकडेच तोंड करून होता. "त्या दोघांना मी गुडघाभरच खणलेलं. पुढं जमीन खणवेना. मग कोल्ह्यांच्या भीतीने रोज जाऊन बसायचो. तुला सांगायचो आगरावर राखणीला जातो म्हणून. नामाच्या येळेला महिनाभर गेलो."

ठमाबाईला ती राखण आठवली. त्या महिन्यात ती नवऱ्यावर चिडलेली होती, की पोरगा जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि याला आगराची पडली आहे.

"माजं काय बोलला?" काळुरामने विचारलं.

काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण खाटेपाशी बसून तिची ती सवय गेली होती.

"म्हणाला, बाला बोलवू नका. त्याने एकदा अग्नी दिलाय. दुसऱ्यांदा त्याच्याने व्हायचं नाय."

काळुराम खाली बसला, तिथेच, अंगणात. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. ठमाबाई जवळ गेली, पण तिने त्याला हात लावला नाही. काही वेळाने तो म्हणाला, "पहिल्यापासनं सांग. ती पोरगी दारात आली तिथपासनं."

तिने पहिल्यापासून सांगितलं. गाडी, खोली, अंगारा, पंत. सोमवार सकाळची पेज सांगून झाली आणि ती दुपारकडे आली, तेव्हा त्याने हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे आता. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशीही त्याने तिथपर्यंतच ऐकलं. वस्तीला त्यातलं काही कळलं नाही. वस्तीच्या लेखी भिवाला जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे कोणी भेटायला आलं नाही, कोणी चूल बंद ठेवली नाही. काळुराम त्यानंतर अकरा वर्षं जगला. अधूनमधून आगरावरून येऊन तो पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, सांग. ठमाबाई सांगायची. सोमवार सकाळची पेज सांगून झाली की तो उठून पाय धुवायला जायचा.